काट्यावर

कराडात, विटा रोडला, मुल्लाणींचा वजनकाटा.
उसाच्या ट्रॉल्यांच्या रांगेत आमचं पांढरं घर,
दोन चाकांवरचं, खिडकीला कुमुदनं शिवलेला पडदा.
मागचा ट्रॅक्टरवाला विचारतो,
आइस्क्रीमची गाडी हाय का ओ मावशी?

"गाडीपासनं सोडवा," मुल्लाणी म्हणाले,
"नुसतं घर चढवा.
जोडून वजन करायचं म्हंजे
नवरीबरोबर वऱ्हाडबी तोलल्यागत."

दारापाशी पाटी आहे : एकूण भार, एक हजार किलो.
इस्लामपूरच्या हणमंत मिस्त्रीनं ती ठोकताना
मला दोनदा वाचून दाखवली होती.
मी तेहतीस वर्षं गणित शिकवलेली बाई, तरीही.

लाल आकडे थरथरले, थांबले.
अकराशे साठ.

काटा जुना असेल, कुमुद म्हणाली.
मुल्लाणींनी हे आज सकाळपासून
बहुतेक चौथ्यांदा ऐकलं.

मग दार उघडलं.
गुळाच्या दोन ढेपा. कशाला, तर तिकडं असा मिळत नाही.
आईचं तांब्याचं घंगाळ.
पाटा, वरवंट्यासकट.
आणि पार मागच्या भिंतीला, नाड्यानं आवळलेलं
लोखंडी पायांचं शिलाई मशीन.

"मागं एवढं वजन नको गं," मी म्हणाले.
"दहातला एक वाटा तरी पुढं हुकावर दाबला पाहिजे.
शेपूट जड झालं की आधी शेपूट हलतं,
मग ते गाडीलाच हलवतं."

"मला शिकवू नकोस.
या मशीनवर बावीस वर्षं घर ओढलंय मी.
तेव्हा कुणी काट्यावर घेतलं नव्हतं."

यावर फळ्यावर लिहावं असं
माझ्याकडं काही नव्हतं.

मागून हॉर्न.
मुल्लाणी खाली वाकले,
बोटाच्या पेरानं टाकी वाजवली. भद्द.
"किती लिटरची?"
"शंभर."
"म्हंजे शंभर किलो नुस्तं पाणीच.
आन् निघालाय कुठं?"
"कोयनेवरनं चिपळूणला."
"कोयनेला," ते म्हणाले, "पाणी घिऊन."

कुमुद आधी हसली.
मग मी. मग तो आइस्क्रीमवाला.

तोटी सोडली. काट्यामागच्या शेवग्याला
आयुष्यात मिळालं नसेल एवढं पाणी मिळालं.
शेवटची धार तुटेपर्यंत कुमुद तिथं उभी होती.
मग आपणहून आत गेली
आणि नाड्याची गाठ दातानं सोडवली.

मुल्लाणींनी वजनाच्या पावतीमागं लिहून दिलं :
मशीन एक, ढेपा दोन, घंगाळ एक, पाटा वरवंट्यासह.
परत येताना घेणे.
ढेपांचं मात्र सांगता यायचं नाही, असं तोंडी.

नऊशे नव्वद.
पिठाचा डबा, गॅसची टाकी, पुस्तकं
आम्ही चाकांच्या थोडं पुढं सरकवली.
हुकाखाली साखळ्या एकमेकींवरून आडव्या,
ब्लाऊजच्या मागच्या नाड्यांसारख्या, कुमुद म्हणाली.
एकदा ओढून बघितल्या. दिवे लागतात का बघितलं.

पाटणच्या अलीकडं एक एसटी सूं करून गेली
आणि तिच्या वाऱ्यानं घर झुललं.
ब्रेकवर जाऊ पाहणारा पाय मी धरून ठेवला.
स्टिअरिंग सरळ. नुसता ॲक्सिलरेटर सोडला.
दोन झोके. तिसरा निम्मा.
मग काही नाही, रस्ता.
कुमुदनं माझा गुडघा पकडलेला होता,
तो हेळवाकपर्यंत सोडला नाही.

कुंभार्ली घाट दुसऱ्या गिअरमध्ये उतरलो.
मागं गाड्यांची माळ, त्यात एकाची शिवी.
जाऊ दे म्हटलं, जागा मिळाली की देते वाट.
एका वळणावर रुंद जागा होती. थांबले.
चाकाच्या तुंब्याला उलटा हात लावला.
कोमट. तापलेल्या पोराच्या कपाळाइतका, जास्त नाही.

कुमुद खाली उतरून दरीकडं बघत होती.
खूप वेळानं म्हणाली,
"अक्का, आपल्या दोघींचं वजन धरलं होतं का गं?"

"ते गाडीत धरतात," मी म्हणाले. "घरात नाही."

"बरंय की," ती म्हणाली,
आणि पदराच्या गाठीतून
गुळाचा एवढासा खडा काढला.